मागच्या खोलीत बोलायचं नाही

आक्का, परवा तुझ्या पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला उभं केलं, आणि मी माईक हातात घेतला आणि तसाच खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरलो. शेजारच्या एका म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तुझ्या भाचीनं, प्राजक्तानं, मात्र माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान वळवली. तिला ठाऊक आहे. दवाखान्यात मी तुझ्याजवळ जसा बसलो होतो, तसाच तिथंही बसलो.

माझ्या आधी चौघंजण बोलले. सगळे म्हणाले, तू मायाळू होतीस, मुक्या प्राण्यांची आई होतीस. तू दुष्ट होतीस, आक्का. हे कुणीच म्हणालं नाही. तू असतीस तर मागच्या रांगेतून ओरडली असतीस, "आई न्हवं, नर्स हुतो मी. आवरा आता."

दहा-बारा वर्षांपूर्वी तू राजारामपुरीत माझ्या दुकानात आलीस, ती मोडका चष्मा रुमालात गुंडाळून. तेव्हा तू अजून दवाखान्यात सिस्टर होतीस, ड्यूटीवरून थेट आली होतीस.

"कसा मोडला?" मी विचारलं.

"घुबडानं."

मी हसलो. तू हसली नाहीस.

"दात काय काढालाईस? पंख झाडला त्येनं आन् चष्मा उडाला. किती वेळ लागंल? त्येला उपाशी ठिवून आलोय मी."

फ्रेम बदलून देता देता मी विचारलं, घुबड घरात कसं काय? "ये की बघायला," म्हणालीस. त्याच संध्याकाळी कसबा बावड्यात तुझ्या घरी आलो, तो आलोच. आपली संस्था म्हणजे तरी काय होती? तुझ्या घराची मागची खोली, माझी जुनी व्हॅन, आठ-दहा जणांचे मोबाईल नंबर आणि तुझा आवाज. मांज्यानं पंख कापलेली घार कशी धरायची ते तू मला शिकवलंस. आधी डोळ्यांवर फडकं, मग पाय, मग पंख. अंधार झाला की ती शांत होते. मी आयुष्यभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून धडपडलो होतो. न दिसण्यातही कुणाला आराम मिळतो, हे मला तुझ्या खोलीत कळलं.

आणि मजा किती केली आपण. राजारामपुरीतल्या त्या क्लासमध्ये घोरपड शिरली होती, आठवतंय? जिन्यात पोरांची ही गर्दी, सर टेबलावर चढून उभे. तू खालूनच ओरडत आलीस, "पावणं, मागं सरा! आनि मागं!"

"बाई, चावतंय काय ते?" जिन्यातल्या एकानं विचारलं.

"ते न्हाय चावत. मी चावतो. सर मागं."

सरांनी टेबलावरूनच विचारलं, "मॅडम, विषारी आहे का?"

"तुमच्या फीपेक्षा न्हाय," म्हणालीस आणि घोरपडीला पोत्यात घालून चालू लागलीस. पोरांनी टाळ्या वाजवल्या. व्हॅनमध्ये बसल्यावर तू मला म्हणालीस, "विलास, त्या मास्तरला चष्मा लागलाय. घोरपडीकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघत हुता." आणि इतकी हसलीस की घोरपड पोत्यात हलायला लागली.

तेव्हा तू मला विलास म्हणायचीस.

रस्त्यावर तुझा आवाज चार गल्ल्यांत जायचा, पण मागच्या खोलीत बोलायचं नाही, हा तुझा एकच नियम होता. आईविना राहिलेली पिल्लं त्या खोलीत वाढायची. तोंडाला फडकं बांधून आत जायचं, बाटली धरायची, बाहेर यायचं. खोकलासुद्धा दारात खोकून घ्यायचा. "माणसाचा आवाज त्येंच्या कानात बसला की संपलं," तू सांगायचीस. "आवाजानं जीव परत येतोय. आन् परत आला की मरतोय." दोघं एकावेळी आत असलो तर बोलणं व्हायचं ते स्टीलच्या वाटीवर नखानं. एक टक म्हणजे दूध दे. दोन टक म्हणजे बाहेर हो. बास. तेवढ्या दोन शब्दांत आपण कितीक जीव वाढवले.

माझा धंदा बोलण्याचा. आता बघा, आता कसं दिसतंय, वरची ओळ वाचा, बरोबर, आता खालची. दिवसभर हेच. तुझ्या खोलीत मला जड जायचं. तरी पाळलं मी, बरीच वर्षं पाळलं.

मग ते रानमांजराचं पिल्लू आलं.

कारखान्यामागच्या उसात तोड चालू होती आणि फोन आला, बिबट्याची पिल्लं सापडली म्हणून. आपण पोचलो तर उसाच्या पाल्यात दोन पिल्लं, भोवती मोबाईल धरलेली माणसं. तू बघितलंस आणि भडकलीस. "बिबट्याला ठिपकं असत्यात. ह्येला कुठं दिसलं ठिपकं? डोळं तपासून घ्या. ह्येचं दुकान हाय राजारामपुरीत, जावा." दोन्ही पिल्लं तिथंच बांधाला उघड्या पेटीत ठेवून आपण सगळ्यांना लांब नेलं, आणि अंधार पडायच्या आत आई येऊन एकेकाला तोंडात धरून घेऊन गेली. सगळं सरळ झालं होतं. पण तिसरं एक पिल्लू होतं, ते कुणीतरी फोटो काढायला घरी नेलं होतं. आठवड्यानं त्यांची हौस फिटली आणि पिल्लू तुझ्या दारात आलं, डावा कान फाटलेलं. तोवर रान मोकळं झालं होतं, प्लॉट पाडायला मशीन फिरत होतं. आई कुठली सापडायला?

सकाळचं दूध तू द्यायचीस, दुकान बंद करून संध्याकाळचं मी. मी का बोललो त्याची कारणं मी रचू शकतो. तेव्हा घरात असं होतं, मन तसं होतं. खरं एवढंच, की ते फाटक्या कानाचं पिल्लू माझ्याकडं बघायचं आणि मला राहवायचं नाही. "ये बाळा, ये, ये," मी फडक्याआडून म्हणायचो, अगदी हळू. ते यायचं. शेपूट ताठ करून यायचं. एवढ्या वर्षांत त्या खोलीत माझ्याकडं कुणी असं चालत आलं नव्हतं. सगळी आपली घाबरूनच असायची, आणि तशीच असायला पाहिजेत, हे मला माहीत होतं. तरी रोज म्हणायचो.

त्याला सोडायचं ठरलं तेव्हा वनखात्याला कळवून तू शाहूवाडीकडची जागा बघितलीस, भाताच्या खाचरांच्या वर. मी म्हणालो, आक्का, खाली वस्ती दिसतेय. तू म्हणालीस, "उंदीर जिथं तिथं मांजर. दाट रानात सोडून उपाशी मारू व्हय?" सकाळची वेळ, भात कापून झालेला. पेटीचं दार उघडलं आणि आपण मागं झालो. पिल्लू बाहेर आलं, बांधापर्यंत गेलं आणि थांबलं. मग वळलं. तोंड आपल्याकडं करून कान उभे करून राहिलं, कुणीतरी काहीतरी म्हणायची वाट बघत असल्यासारखं.

तू माझ्याकडं बघितलंस.

"बोललास खोलीत?"

"न्हाय आक्का."

"बघ, पेटी हितंच हाय. आत्ता उचलू. आनि म्हैना-दोन म्हैनं ठिवू, दोघंबी आत न जाता भिंतीतनं दूध देऊ. सुधरतंय. बोललास?"

"न्हाय म्हटलं की."

तू थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिलीस, आणि मग पेटीचं दार लावलंस. माझ्यावर विश्वास ठेवून लावलंस. पिल्लू अजून तिथंच उभं होतं. आपण निघालो तेव्हा ते गवतात शिरलं.

त्याच आठवड्यात तू दुकानात आलीस. समोर एक गिऱ्हाईक नंबर काढायला बसलं होतं. तू मोबाईल माझ्यापुढं धरलास. वस्तीवरची माणसं गोल करून उभी, हातात काठ्या. कोण म्हणतंय बिबट्याचं पिल्लू, कोण म्हणतंय आई जवळच असणार. गवताच्या गंजीला लागून ते बसलेलं, फाटका कान स्पष्ट दिसणारा. कुणाची पुढं व्हायची छाती होईना. मग एकजण उकिडवा बसला आणि चेष्टेनं म्हणाला, "ये बाळा, ये, ये." बाकीचे हसले.

ते उठलं आणि शेपूट ताठ करून त्याच्याकडं चालत गेलं.

पुढचं लिहीत नाही. तुला पाठ होतं, मलाही आहे.

"आवाज वाढव," तू म्हणालीस.

"आक्का, गिऱ्हाईक बसलंय."

"बसू दे. आवाज वाढव."

मी वाढवला. दुकानात "ये बाळा, ये, ये" पुन्हा वाजलं, आणि काठ्यांचा आवाज, आणि हसणं. तो बिचारा माणूस तपासणीची जड फ्रेम नाकावर तशीच घेऊन आपल्याकडं बघत होता. तू मोबाईल पदरात घातलास आणि म्हणालीस, "बोललास त्येचं काय न्हाय. माणूस हाईस. मी इचारलं तवा न्हाय म्हणालास."

त्या दिवसापासून तू मला बाळ म्हणायला लागलीस.

दर रविवारी नवीन पोरं-पोरी यायची, प्राण्यांची आवड असलेली. तू त्यांना ओट्यावर बसवायचीस आणि मला चहा आणायला सांगायचीस. "हे आमचं बाळ. ह्येच्या आवाजावर जनावर येतंय बरं का," म्हणायचीस. पोरं कौतुकानं माझ्याकडं बघायची. एका मुलीनं विचारलं होतं, "खरंच काका? कसं काय?" आणि तू मोबाईल काढायचीस. मी ट्रे धरून उभा. व्हिडिओ संपला की पोरांना कप उचलायचं सुचायचं नाही, आणि तू म्हणायचीस, "घ्या, चहा निवला. बाळा, बिस्किटं आन."

मी तरी का येत राहिलो? प्राजक्ता मला हेच विचारते. तिला कसं सांगू, दर रविवारी तू ते सगळ्यांसमोर केलंस की सोमवार मला बरा जायचा. पण शिक्षा कधीतरी संपते, असं मला वाटत होतं. मी वाट बघायचो, आज विलास म्हणेल. फोनवर तुझं नाव दिसलं की वाटायचं, आज. आणि तू म्हणायचीस, "बाळा, उजळाईवाडीच्या अलीकडं घार अडकलीय तारेत, शिडी घिऊन ये."

एकदाच मी उलटलो. तुझ्या स्वयंपाकघरात, पिल्लांचं दूध तापत होतं. मी म्हणालो, जागा कुणी निवडली? वस्ती आहे म्हणून मी सांगितलं नव्हतं का? चांगलं लांब सोडलं असतं तर कुणाच्या आवाजाला गेलं असतं? "तूच मारलंस त्याला, आक्का." तू पातेल्याकडं बघत होतीस. तुझी मान खाली गेली, एवढंच मला दिसलं. तेवढ्यात फोन वाजला. "फोन घे," म्हणालीस. मी घेतला, कुणाच्या तरी न्हाणीघरात धामण शिरली होती, आणि आपण गेलो. ते भांडण तिथंच राहिलं. दूध उतू गेलेलं, ते तू नंतर एकटीनं पुसलं असणार. त्यानंतर शाहूवाडीचं नाव तू काढलं नाहीस. मी खूश झालो होतो, आक्का. तुला लागलं याचा मला आनंद झाला होता.

आणि मग तो दिवस. दुपारी मी आलो तर पुढचं दार उघडं, तू हाकेला नाहीस. मागच्या खोलीत तू जमिनीवर पडलेली, शेजारी वाटी पालथी, दूध फरशीवर. पेटीत उदमांजराचं पिल्लू, राजारामपुरीतल्या कुणाच्या तरी माळ्यावरून आणलेलं. तू डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत होतीस, तोंड वाकडं झालेलं. मी काय केलं माहीत आहे? तोंडाला फडकं बांधलं. मग तुला उचललं. काय झालं म्हटलं नाही, आक्का म्हटलं नाही. बाहेर अंगणात येऊन दार ओढून घेतलं आणि मग दवाखान्याच्या गाडीला फोन केला. दुसरं कुणी असतं तर किंचाळलं असतं. मी तुझा नियम पाळला. तुलाही तेव्हा वाटलं असेल, बाळ शिकलं.

दवाखान्यात सांगितलं, वाचा गेलीय, उजवी बाजू गेलीय, पण कळतंय त्यांना. प्राजक्ता पुण्याहून आली. ती तुझ्या कानाशी लागून बोलायची, मावशी हे, मावशी ते, लहानपणचं सगळं. मी पायाशी स्टुलावर बसून राहायचो. तिथली सिस्टर, तुझ्यासारखीच फटकळ, मला म्हणाली, "काका, पुतळ्यासारखं काय बसलायसा? बोला की. आवाजानं पेशंट परत येत्यात."

तुझंच वाक्य. अर्धं.

मी स्वतःला सांगत राहिलो, की उरलेलं अर्धं आक्कानं मला शिकवलंय. परत येऊन तिला काय मिळणार? अर्धं अंग, दुसऱ्याच्या हातचं दूध. जाते तर जाऊ दे, आवाज द्यायचा नाही. तुझ्याच नियमानं तुला सोडतोय, असं मला वाटून घ्यायचं होतं. पण तेवढंच नव्हतं, आक्का. तू मला नावानं हाक मारली नव्हतीस, उन्हाळा गेला, दिवाळी गेली, तू मारली नाहीस. आणि आता तू माझ्याकडं बघत पडली होतीस, कान उभे करून, कुणीतरी काहीतरी म्हणायची वाट बघत असल्यासारखी. आणि माझ्या मनात आलं, बघ आता, कसं वाटतं.

हे मी माईकवर कसं बोलणार होतो?

शेवटच्या दुपारी प्राजक्ता औषधं आणायला खाली गेली होती. आपण दोघंच. तुझा डावा हात सरकत सरकत खाटेच्या लोखंडी कठड्यापर्यंत गेला. नख वाजलं. टक.

मी उठून उभा राहिलो. तू माझ्याकडं बघत होतीस.

टक.

दोन टक म्हणजे बाहेर हो. मी झालो. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो. दवाखान्याच्या फाटकाशी चहा घेतला. वर आलो तर पडदा ओढलेला होता आणि प्राजक्ता औषधांची पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती.

"मामा, मी एवढी बोलत होते, मावशी माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. सारखी तुमच्याकडं बघायची. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"तिचा नियम होता," मी म्हणालो.

"अहो, तो जनावरांसाठी होता ना!"

काल तुझं उदमांजर सोडलं. तू गेल्यावर त्याला मीच वाढवलं, तोंड शिवून. प्राजक्ता सोबत आली. वस्ती नाही अशी जागा मी स्वतः चालून बघितली होती. पेटी उघडली, ते बाहेर आलं, झाडाच्या बुंध्याला नाक लावलं आणि वर चढून गेलं. एकदाही वळलं नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून इतकं चोख काम झालं नव्हतं, आणि प्राजक्ता रडत होती.

रिकामी पेटी घेऊन मागच्या खोलीत आलो. आता तिथं कुणी नाही, बोललं तरी चालतं. वाटी धुतली आणि पालथी घालताना नख लागलं. टक. आणि मी तिथंच खाली बसलो. कारण एकदा दोन, आणि दोनदा एक, यांत फरक आहे हे मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. खोलीत दोन टक तू लागोपाठ वाजवायचीस, पहिलं विरायच्या आधी दुसरं. त्या दुपारी पहिलं टक वाजल्यावर मी स्टुलावरून उठलो होतो. उभा राहिलो होतो. तुझ्या तोंडाकडं बघितलं होतं. आणि मग दुसरं वाजलं होतं.

एक टक म्हणजे दे.

काल अंधार पडेपर्यंत मी वाटीवर नख वाजवत बसलो होतो. एक. मग उठायचो, उभा राहायचो, तुझ्या तोंडाकडं बघायचो. मग एक. पुन्हा बसायचो. पुन्हा तसंच. मधे किती जागा होती ते बघत होतो.

आक्का म्हणण्याएवढी होती. अगदी सावकाश म्हणण्याएवढी.